स्प्रिंगदार ओढजोड

स्प्रिंगदार ओढजोड : एका नौकेने दुसरी नौका ओढून नेताना दोघींमधल्या दोराला बसणारा हिसका झेलण्यासाठी ओढीच्या वाटेत बसवलेले, स्प्रिंगचा आधार असलेले जोडसाधन. ते टगच्या (इतर नौका ओढणाऱ्या बळकट नौकेच्या) डेकवरील हुकाच्या मागे कायमचे बसवलेले असते किंवा दोराच्या मध्येच दोन शॅकलांनी (खिळीने बंद होणाऱ्या पोलादी कड्यांनी) अडकवले जाते. बंदरावरच्या बोलण्यात त्याला ‘टोइंग स्प्रिंग’ किंवा नुसते ‘स्प्रिंगचा हूक’ म्हटले की भागते. ओढ देण्याचे काम टगचे इंजिन आणि दोर करतात. या साधनाकडे फक्त हिसका सोसण्याचे काम असते. हा फरक मनात पक्का नसला, तर साधनाची निवड आणि वापर दोन्ही चुकतात.

संथ पाण्यात, सरळ रेषेत आणि एकाच वेगाने चाललेल्या ओढीत दोरावर येणारा ताण फारसा नसतो, कारण मागच्या नौकेला पाण्याचा जेवढा विरोध होतो तेवढाच जोर दोरातून द्यावा लागतो. खरी अडचण लाटेत सुरू होते. टग लाटेच्या उतारावर पुढे सरकतो आणि त्याच वेळी मागची बार्ज (माल वाहणारी सपाट तळाची नौका) दुसऱ्या लाटेच्या चढावर अडते. दोर ताठ होतो, मग बार्ज पुढे घसरली की सैल पडतो आणि पुढच्या लाटेला पुन्हा खाडकन ताठ होतो. सैल पडून ताठ होण्याच्या या क्षणी दोघींच्या वेगांतला फरक दोराला अगदी थोड्या अंतरात मिटवावा लागतो. समजा, १०० टन वजनाची बार्ज आणि टग यांच्या वेगांत सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे साधारण एका नॉटचा फरक आहे. ही गतिज ऊर्जा सुमारे १२,५०० ज्यूल भरते. ती झेलताना जोडणी फक्त ५ सेंटीमीटर ताणली गेली, तर कमाल ताण सुमारे ५० टनांवर जातो. तीच जोडणी ५० सेंटीमीटर लवली, तर तो ५ टनांवर उतरतो. बार्ज तीच, वेग तोच, इंजिनही तेच. दहा पट जागा मिळाली म्हणून ताण दहाव्या हिश्श्यावर आला. प्रत्यक्षात नौकेबरोबर तिच्याभोवतीचे काही पाणीही हलत असल्यामुळे झेलायची ऊर्जा याहून जास्तच असते. स्प्रिंगचे बळ तिच्या लवण्याच्या प्रमाणात वाढते, हा रॉबर्ट हुकने १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम या हिशेबाच्या मुळाशी आहे.

रचना : ओढीसाठी स्प्रिंग म्हटले की ताणली जाणारी स्प्रिंग डोळ्यांपुढे येते, परंतु चांगल्या ओढजोडीत स्प्रिंग नेहमी दाबली जाते. जाड पोलादी वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना एकेक चकती असते. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे दोन दांडे विरुद्ध बाजूंनी वेटोळ्यातून आत जातात आणि प्रत्येक दांडा पलीकडच्या टोकाची चकती धरून ठेवतो. दोन्ही दांडे बाहेरच्या बाजूंना ओढले की चकत्या एकमेकींजवळ येतात आणि मधली स्प्रिंग आवळली जाते. या उलट्या मांडणीचा मोठा लाभ असा, की स्प्रिंग तुटली तरी दांडे एकमेकांत अडकूनच राहतात आणि नौका सुटून जात नाही. जोडणी फक्त ताठर होते. ताणली जाणारी स्प्रिंग तुटली, तर सगळीच ओढ हातची जाते. टगच्या हुकामागे हीच रचना एका चौकटीत बसवतात आणि हूक ओढीच्या दिशेप्रमाणे डावी-उजवीकडे फिरू शकेल अशा खिळीवर ती चौकट टांगतात.

वेटोळ्याऐवजी उथळ बशीसारख्या पोलादी चकत्यांची चळतही वापरली जाते. ज्यूलियन बेलव्हिल या फ्रेंच अभियंत्याने १८६७ मध्ये पेटंट घेतलेल्या या चकत्या थोड्या जागेत मोठा भार घेतात आणि त्यांच्या परस्पर घर्षणात काही ऊर्जा जिरतेही. रबराचे ठोकळे आणखी स्वस्त पडतात. रबर ऊर्जेचा काही भाग उष्णतेत घालवते, त्यामुळे त्याची उलट उसळी पोलादापेक्षा मंद असते. उन्हाने आणि तेलाने ते लवकर खराब होते, हा त्याचा दोष. लहान बंदरांत दोराच्या मध्ये जुना टायर गुंफतात, तोही याच जातीचा उपाय आहे आणि हलक्या होडीसाठी तो पुरतोही.

निवडीतला सर्वांत नाजूक मुद्दा स्प्रिंगच्या ताठरपणाचा आहे. वरच्या उदाहरणातली स्प्रिंग दर १० सेंटीमीटरला सुमारे १ टन या हिशेबाने दबते. टगची नेहमीची ओढ २ टनांची असेल, तर त्या ओढीतच तिचे २० सेंटीमीटर खर्च होतात आणि हिसक्यासाठी ३० उरतात. इंजिनाचा जोर वाढवून ओढ ५ टनांवर नेली, तर वेटोळे एकमेकांना टेकतात, स्प्रिंग नळीसारखी भरीव होते आणि त्या क्षणापासून ती दोरात असूनही नसल्यासारखी होते. म्हणून ओढजोडीची ताकद विचारताना ती किती टनांना तुटते एवढेच विचारून भागत नाही. ती किती टनांना मिटते, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

दुसरा उपाय आणि कोकणातली अडचण : खुल्या समुद्रात लांब पल्ल्याची ओढ नेणारे टग बहुधा अशा स्प्रिंगवर विसंबत नाहीत. ते शेकडो मीटर लांबीचा पोलादी दोर सोडतात. हा दोर स्वतःच्या वजनाने पाण्यात झोळीसारखा लोंबतो आणि हिसका आला की ती झोळ सरळ होता होता ऊर्जा खाते. गरज पडली तर मध्ये नांगराच्या साखळीचा तुकडा घालून झोळ आणखी जड करतात. मात्र या उपायाला खोल पाणी लागते. पाण्यात मीटरला ७ किलो भरणारा ३०० मीटर लांबीचा पोलादी दोर १० टनांच्या ओढीत मध्यभागी सुमारे ८ मीटर खाली लोंबतो.

कोकणच्या खाड्यांमध्ये एवढे पाणी क्वचितच मिळते. केळशी, आंजर्ले, आचरा यांसारख्या लहान खाड्यांच्या मुखाशी वाळू साचून उंचवटा तयार झालेला असतो आणि ओहोटीला तेथून होडी काढणेही जोखमीचे होते. मुंबईकडे उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरांपर्यंत जातो, तर सिंधुदुर्गाकडे तो साधारण निम्म्यावर येतो. त्यामुळे दक्षिणेला भरतीची मदतही तोकडी पडते. अशा पाण्यात लोंबता पोलादी दोर तळाच्या वाळूत आणि खडकात घासत जातो. दोर आखूड करावा तर झोळ संपते आणि हिसका थेट हुकावर येतो. त्यातच मुखाशी बाहेर पडणारे ओहोटीचे पाणी आणि आत येणारी समुद्राची लाट समोरासमोर भिडली, की लाटा आखूड आणि उभ्या होतात; म्हणजे जेथे दोर सर्वांत आखूड ठेवावा लागतो, तेथेच हिसके सर्वांत तीव्र असतात. स्प्रिंगदार ओढजोडीचे खरे क्षेत्र हेच आहे. खुल्या समुद्रात ती दुय्यम साधन ठरते, खाडीच्या तोंडाशी मात्र तिच्या तोडीचे दुसरे साधन कमी आहे.

खोल पाण्यात शक्य असेल तर तांडेल (नौकेचा प्रमुख) दोराची लांबी लाटेच्या लांबीशी जुळवतो, म्हणजे दोन्ही नौका एकाच वेळी चढतात आणि एकाच वेळी उतरतात. ८ सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटेची खोल पाण्यातली लांबी सुमारे १०० मीटर असते. उथळ पाण्यात लाट आखूड होते, म्हणून बाहेर जुळवलेली लांबी मुखाशी चालत नाही आणि पुन्हा जुळवण्याइतका वेळही हाती नसतो.

पूर्वीची साधने : पोलादी स्प्रिंगच्या आधी हिसका दोरच खात असे, आणि त्या बाबतीत कोकण मागे नव्हते. नारळाची सोडणे (बाहेरची तंतुमय साले) खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजवून, कुटून काढलेल्या काथ्याचा दोर मनिला दोराच्या मानाने ताकदीला बराच कमी असतो. पण तो ताणतो खूप, खाऱ्या पाण्यात लवकर सडत नाही आणि पाण्यावर तरंगतो. तरंगत असल्यामुळे तो ओढायच्या नौकेपर्यंत वाहत सोडणेही सोपे जाते. त्याचे ताणणे तंतूंपेक्षा पिळातून अधिक येते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण बोलणाऱ्याने स्वभावावर योजलेली असली, तरी तिच्यातले निरीक्षण दोर वळणाऱ्याचे आहे : सुंभाचे सत्त्व त्याच्या पिळात असते. पिळलेला दोर म्हणजे अतिशय लांबट वेटोळ्यांची स्प्रिंगच असते.

आंग्र्यांच्या आरमारात वारा पडला की वल्ह्यांवर चालणारी गलबते मोठ्या गुराबांना (शिडांच्या लढाऊ जहाजांना) दोराने ओढून लढाईच्या जागी आणत. अशा ओढीत जोर सलग नसतो. प्रत्येक वल्ह्यागणिक तो चढतो आणि उतरतो, त्यामुळे ताठर दोरापेक्षा लवचीक दोरच तेथे उपयोगी पडतो. १९३५ मध्ये शोधल्या गेलेल्या नायलॉनने हे ताणणे आणि मोठी ताकद एकत्र आणली. नायलॉनचा दोर तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या एक चतुर्थांशाहून अधिक ताणतो, तर पोलादी दोर जेमतेम एक-दोन टक्के. आखूड ओढीत नायलॉनचा तुकडा घालून स्प्रिंगचे बरेचसे काम करून घेता येते. भिजल्यावर त्याची ताकद काहीशी घटते, हे मात्र हिशेबात धरावे लागते.

मर्यादा : स्प्रिंग किती ऊर्जा झेलेल हे तिच्या वजनावर ठरते. चांगल्या स्प्रिंग-पोलादात दर किलोमागे साधारण २०० ज्यूल साठवता येतात. वरच्या १०० टनी बार्जसाठी त्यामुळे साठ-सत्तर किलोंची स्प्रिंग लागते. १,००० टनांच्या बार्जला त्याच वेगफरकासाठी ती सहाशे किलोंच्या पुढे जाईल आणि दोराच्या मध्ये लटकवणे अशक्य होईल. मोठ्या बंदरांत ओढजोडीची जागा आता विंचने (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) घेतली आहे, ती याच कारणाने. ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की असे विंच आपोआप थोडा दोर सोडते आणि ताण उतरला की परत गुंडाळते. दाभोळला द्रवरूप वायूची जहाजे किंवा जयगडला मोठी मालवाहू जहाजे धक्क्याला लावणाऱ्या टगांच्या कामात विंच आणि अतिशय बळकट कृत्रिम दोर हीच मुख्य साधने असतात. असा कृत्रिम दोर पोलादाइतका मजबूत पण तीन-चार टक्केच ताणणारा असल्यामुळे त्याला नायलॉनचा ताणतुकडा जोडावा लागतो, म्हणजे लवचीकपणाची गरज कोठेही संपलेली नाही. धरमतरच्या खाडीतून माल नेणाऱ्या बऱ्याच बार्ज आज स्वतःच्या इंजिनावर चालतात, त्यांना ओढजोड लागते ती इंजिन बंद पडल्यावरच.

पोलादी वेटोळे साठवलेली ऊर्जा जवळजवळ सगळीच परत देते. म्हणून हिसका ओसरल्यावर बार्ज टगकडे खेचली जाते, दोर सैल पडतो आणि पुढच्या हिसक्याची तयारी होते. लाटांचा ताल आणि या उसळीचा ताल जुळला, तर स्प्रिंग हिसके कमी करण्याऐवजी वाढवते. अशा वेळी वेग किंवा दोराची लांबी बदलणे हाच इलाज आहे.

एका धोक्यावर मात्र स्प्रिंगचा काहीच उपयोग नाही. मागची बार्ज बाजूला गेली आणि दोराने टगला आडवे ओढले, तर टग काही सेकंदांत कलंडू शकतो. त्यासाठी हूक भार असतानाही एका झटक्यात उघडता आला पाहिजे, आणि तो टगच्या मध्यभागाच्या किंचितच मागे असला पाहिजे, म्हणजे टगला ओढीखालीही वळता येते. स्प्रिंगच्या चौकटीने ही सुटण्याची कळ कधीही अडवता कामा नये. टग निघण्यापूर्वी ही कळ प्रत्यक्ष ओढून पाहावी, हे या नोंदीतले सर्वांत आग्रहाने सांगण्यासारखे वाक्य आहे. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये, विशेषतः नायलॉनच्या; तुटलेला नायलॉन ज्या वेगाने मागे येतो त्यातून बाजूला होण्याइतका वेळ माणसाला मिळत नाही.

मासेमारी नौका आणि निगा : भरसमुद्रात इंजिन बंद पडलेल्या नौकेला सोबतची नौका ओढून आणते. ही मदत बहुधा हाताशी असलेल्या दोराने होते आणि तो दोर पुढच्या एकाच खुंटाला बांधला जातो. लाकडी किंवा फायबरच्या नौकेत हा खुंट हिसक्याने उपटून येऊ शकतो, म्हणून दोराला दोन्ही बाजूंनी फाटा देऊन भार वाटून घ्यावा आणि नायलॉनचा किंवा लहान ओढजोडीचा तुकडा मध्ये ठेवावा.

खाऱ्या हवेत स्प्रिंगचा शत्रू गंज आहे. गंजाच्या बारीक खळग्यापासून चीर सुरू होते आणि प्रत्येक हिसक्यागणिक ती वाढत जाते, त्यामुळे वरून धडधाकट दिसणारी स्प्रिंग एके दिवशी अचानक तुटते. जस्ताचा मुलामा, घट्ट ग्रीस आणि वापरानंतर गोड्या पाण्याने धुणे हे साधे उपाय आहेत. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, तेव्हा ओढजोडही सोडवून पुसून ठेवावी. नव्या स्प्रिंगची मोकळी लांबी चौकटीवर खूण करून ठेवलेली असावी आणि नारळी पौर्णिमेपूर्वी ती पुन्हा मोजावी; भार नसतानाही स्प्रिंग त्या खुणेपर्यंत पोहोचत नसेल, तर तिचे पोलाद थकले आहे असे समजून ती बदलावी.