गॅस गिझर का रुसतो, आणि न रुसता घात कसा करतो

नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तेवढी थंडी दरवर्षी पडत नसली तरी डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान दहाच्या खाली जाणे नागपूरकरांना नवे नाही, आणि गॅस गिझर रुसण्याचा हंगामही नेमका हाच. यातले बरेच बिघाड हे बिघाड नसतातच. गिझरमधल्या एखाद्या सुरक्षा-व्यवस्थेने ज्योत पेटू देण्यास दिलेला तो नकार असतो.

नळ सोडला की पाण्याचा दाब डायफ्रॅम नावाच्या रबरी पडद्याला ढकलतो आणि त्याला जोडलेला दांडा मायक्रोस्विच दाबतो. मग दोन सेलच्या ३ व्होल्टवर चालणारे सर्किट ठिणगी पाडते व गॅसची झडप उघडते. ज्योत लागल्याची खूण संवेदक दांडीकडून मिळाली, तरच ही झडप उघडी राहते. म्हणून दोष शोधताना आधी कान वापरावा. ठिणगीची टिकटिक ऐकूच येत नसेल तर दोष सेलमध्ये किंवा पाण्याच्या दाबात असतो. टिकटिक होऊनही गिझर पेटत नसेल तर गॅसचा पुरवठा तपासावा, आणि पेटून काही सेकंदांतच विझत असेल तर संवेदक दांडीवर काजळी बसली असण्याची किंवा तिची तार सैल झाली असण्याची शक्यता मोठी. (अनेक गिझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात, तो दोष नव्हे.)

दाबाची अडचण बैठ्या घरांत अधिक येते. टाकीतल्या पाण्याची पातळी गिझरपेक्षा जितकी उंच, तितका दाब. दर मीटरला साधारण ०.१ बार. न्हाणीघराच्या स्लॅबवरच टाकी ठेवली असेल, तर डायफ्रॅम हलण्याइतका जोर मिळतोच असे नाही. टाकी उंच असूनही धार बारीक असेल, तर पाण्याचा कॉक बंद करून गिझरच्या तोंडाशी असलेली जाळी काढून पाहावी. रेतीचे कण आणि क्षाराचे पांढरे खडे तिच्यात अडकलेले सापडतात, आणि जुन्या ब्रशने ती घासली की पुष्कळदा तेवढ्यावरच काम भागते. पेंच-कन्हान नद्यांच्या नळाच्या पाण्याऐवजी बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत हा क्षार अधिक त्रास देतो. जड पाणी तापले की त्यातले बायकार्बोनेट विघटित होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा थर तांब्याच्या नळीत आतून बसतो, पाण्याची वाट अरुंद होते आणि उष्णताही नीट पोहोचत नाही. सायट्रिक आम्लाच्या द्रावणाने हा थर विरघळतो. मात्र ते काम मेकॅनिकनेच करावे.

पाणी कोमटच येते ही तक्रार पुष्कळदा निव्वळ गणिताची असते. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे १०.५ किलोवॅट उष्णता लागते. थंडीत टाकीतलेच पाणी गारठलेले असते, त्यामुळे तेवढ्याच ज्योतीत ते हवे तितके तापत नाही. धार थोडी कमी करणे हाच यावरचा उपाय. गिझर मात्र पूर्ण ज्योतीवर तासाला जवळपास किलोभर गॅस खातो. सिलिंडर सरत आला की आतल्या द्रवाचे तितक्या वेगाने बाष्पीभवन होत नाही, द्रव स्वतःच थंड होतो आणि दाब घसरतो. अशा सिलिंडरवर गरम पाणी ओतण्याची खोड जिवावर बेतू शकते. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, पंख्याच्या किंवा दिव्याच्या बटणाला हात लावू नये आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचून राहतो.

आता ज्याची तक्रार घेऊन कोणी मेकॅनिककडे जात नाही, तो दोष. वर सांगितलेल्या गिझरला मिनिटाला पंचेचाळीस लिटरच्या आसपास ऑक्सिजन लागतो. दीड बाय दीड मीटरच्या, २.४ मीटर उंच न्हाणीघरात ऑक्सिजन असतो जेमतेम ११३० लिटर. दार-खिडकी घट्ट लावून दहा मिनिटे आंघोळ केली, तर हिशेबाने त्यातला चाळीस टक्के संपायला हवा. प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच आधी ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. निळी ज्योत पिवळी पडणे आणि तांब्याच्या पात्यांवर काजळी धरणे या त्याच्या दिसणाऱ्या खुणा. वायूला स्वतःला रंग नाही आणि वासही नाही. म्हणूनच गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा असे माझे ठाम मत आहे. आतल्या एक्झॉस्ट पंख्यावर मी भरवसा ठेवणार नाही, कारण आत येणाऱ्या हवेला वाट नसेल तर पंखा तरी काय ओढणार?

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोके दुखणे, मळमळणे, पायांतले बळ जाणे ही लक्षणे दिसताच माणसाला उघड्यावर आणून रुग्णालयात न्यावे, आणि घरात गॅस गिझर चालू होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनयुक्त समजतो, आणि रुग्ण अत्यवस्थ असतानाही ९८ चा आकडा दाखवू शकतो.