स्वायत्त रोव्हर

स्वायत्त रोव्हर : चंद्रावर किंवा ग्रहावर फिरताना पुढची वाट स्वतः ठरवणारी गाडी. पृथ्वीवरून हाकलेल्या गाडीलाही वृत्तपत्रे 'स्वायत्त' म्हणतात. ते सैल झाले.

पहिलेपणाचा मान व्याख्येवर ठरतो. सोव्हिएत लुनोखोद-१ (नोव्हेंबर १९७०) चंद्रावर सुमारे साडेदहा किमी. फिरले, पण चालक पृथ्वीवर होते. मंगळावर पाठवलेल्या सोव्हिएत मार्स-३ यानावरील प्रॉप-एम या चिमुकल्या यंत्राला अडथळा लागताच मागे सरून वळण्याची सोय होती. मात्र डिसेंबर १९७१ मध्ये उतरल्यावर लवकरच मार्स-३ शी संपर्क तुटला; प्रॉप-एम चालल्याची नोंद नाही. लेझरच्या रेघांनी दगड ओळखून मंगळावर प्रत्यक्ष वळलेले अमेरिकेचे सोजर्नर (१९९७) पहिले धरणे अधिक सयुक्तिक.

मंगळापर्यंत संदेश जायला अंतरानुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात, म्हणून गाडीला स्वतःची बुद्धी हवी. जोडकॅमेऱ्यांच्या दोन चित्रांतील फरकावरून अंतर काढतात, त्यातून चढउतारांचा नकाशा होतो, नकाशाच्या प्रत्येक चौकटीला धोक्याचे मोल दिले जाते आणि कमीत कमी मोलाची वाट निवडली जाते. चाक घसरले तर त्याच्या फेऱ्यांवरून केलेला अंतराचा हिशेब खोटा ठरतो. म्हणून लागोपाठच्या चित्रांतले तेच दगड जुळवून खरे अंतर तपासतात. मंगळावरील पर्सिव्हरन्स रोव्हरमध्ये (२०२१) चित्रांसाठी वेगळा संगणक असल्याने ते न थांबता विचार करते.

मुख्य शत्रू माती. बेळगाव जिल्ह्यात अथणीकडच्या काळ्या रानात ओली माती चाकाला चिकटते. चंद्रावर वाहते पाणी नाही, तिथे चाक भुसभुशीत धुळीत खणत जाते. त्या धुळीचे कण कोनदार व धारदार. गोल दाण्याची वाळू वेगळी वागते हे बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्रीवाल्यांना सांगायला नको. २००९ मध्ये मंगळावर वरचा कडक पापुद्रा फुटून अमेरिकेचे स्पिरिट रोव्हर मऊ वाळूत रुतले. एक पुढचे चाक आधीच बंद होते. स्पिरिट बाहेर निघालेच नाही. कॅमेऱ्याला पापुद्र्याखालचे दिसत नाही.

चांद्रयान-३ चे २६ किग्रॅ. वजनाचे प्रज्ञान रोव्हर काटेकोर अर्थाने स्वायत्त नव्हे. २७ ऑगस्ट २०२३ रोजी ३ मी. पुढे ४ मी. व्यासाचे विवर आढळले, तेव्हा परतीचा आदेश पृथ्वीवरूनच गेला. स्वायत्तता होती ती त्याला चंद्रावर उतरवणाऱ्या विक्रम यानाच्या अवतरणात : शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्याने धोके टाळून जागा त्यानेच निवडली. त्याच्या संवेदकांच्या चाचण्यांसाठी चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरेजवळ कृत्रिम विवरे खणली होती.