केअर इमोजी आणि करोनाकाळातली विचारपूस (पुणे)

केअर इमोजी म्हणजे लाल हार्टला दोन्ही हातांनी कवटाळून धरलेला पिवळा हसरा चेहरा. फेसबुकने तो १७ एप्रिल २०२० ला जाहीर केला आणि पुढच्या काही आठवड्यांत लाईकच्या बटणात, लव्ह आणि हाहाच्या मधे, आणून बसवला. मेसेंजरवर तेव्हा त्याचं रूप वेगळं होतं, तिथे धडधडणारं जांभळं हार्ट. पण पुण्यात करोनाच्या दोन वर्षांत इमोजींवर जी विचारपूस चालली ती या एका चेहऱ्यावर चाललेली नाही, त्यात अंगठा, हार्ट, मास्कवाला चेहरा, दंडाची बेटकुळी असं बरंच काही आहे, आणि सगळ्यात जास्त राबले ते जोडलेले हात. म्हणून ही नोंद त्या सगळ्यांची.

केअर का आणावा लागला

फेसबुकवर लाईक आला २००९ मध्ये आणि पुढची सात वर्षं तेवढाच होता. कुणी ‘आजी गेली’ असं लिहिलं की खाली लाईक करायचा की नाही हाच प्रश्न, केला तर वाईट दिसतं, नाही केला तर आपण वाचलंच नाही असं वाटतं. २४ फेब्रुवारी २०१६ ला लव्ह, हाहा, वाव, सॅड आणि अँग्री आले आणि ही पंचाईत बरीच सुटली, पूर्ण नाही. रडका चेहरा वाईट वाटलं एवढंच सांगतो, ‘काही लागलं तर मी आहे’ हे सांगत नाही, आणि ‘आईला आज आयसीयूतून वॉर्डात हलवलं’ असल्या अर्धवट चांगल्या बातमीला तर रडकाही चालत नाही आणि हार्टही जरा जास्तच होतं. केअर नेमका त्या फटीत बसला. याआधी मे २०१६ मध्ये मदर्स डेला थँकफुलचं जांभळं फूल आणि जून २०१७ मध्ये सप्तरंगी प्राईड झेंडा येऊन गेले होते, ते आले तसे गेले, केअर मात्र राहिला.

यात कंपनीचा हिशोब नव्हता असं कुणी समजू नये. २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांतून कळलं की २०१७ पासून इमोजी रिअ‍ॅक्शनला साध्या लाईकच्या पाचपट वजन होतं, पुढे ते कमी केलं. म्हणजे तुम्ही कुणाच्या पोस्टवर चेहरा दाबला की ती पोस्ट आणखी लोकांना दाखवायची की नाही हेही त्यातून ठरतं. प्लाझ्मा पाहिजे म्हणून लिहिणाऱ्याला अर्थात याचा फायदाच.

पुण्यातली परिस्थिती

महाराष्ट्रातले पहिले करोना पेशंट पुण्यातच सापडले, ९ मार्च २०२०, दुबईहून आलेलं जोडपं, नायडू हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. दोन दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने महामारी म्हटलं आणि २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन. आता इथली पद्धत अशी की कुणी आजारी पडलं की जायचं, सोबत शहाळं किंवा डब्यात मऊ भात, पाच-दहा मिनिटं टेकायचं, ‘आता कसं वाटतंय’ विचारायचं आणि निघायचं. गेलो नाही तर वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागतं. हे सगळं एका झटक्यात बंद झालं, हातावर क्वारंटाईनचा शिक्का मारायला लागले, सोसायटीत कुणाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की त्या मजल्यावर लिफ्टसुद्धा थांबवायची लोकांना भीती, त्यात १३ ते २३ जुलै २०२० असा पुण्याचा वेगळा कडक लॉकडाऊन. मग विचारपूस मोबाईलवर आली.

ती सगळ्यात जास्त झाली व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि तिथे एक तांत्रिक अडचण होती जी आज लोक विसरलेत. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपला रिअ‍ॅक्शन नव्हतीच. इमोजी पाठवायचा म्हणजे अख्खा मेसेज पाठवायचा, प्रत्येकाचा फोन टुंग करणार, आणि ग्रुपमध्ये तेव्हा २५६ जण बसायचे. कोथरूड काय, सिंहगड रोड काय, कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर कुणी ‘बाबांना बेड मिळाला’ लिहिलं की खाली जोडलेल्या हातांची रांग लागायची आणि त्या रांगेत मघाशी कुणीतरी टाकलेला ऑक्सिजन सिलिंडरवाल्याचा नंबर वर कुठेतरी निघून जायचा. मग अ‍ॅडमिन वैतागून लिहिणार, कृपया नुसते इमोजी टाकू नयेत, भावना पोहोचल्या आहेत. त्यावर पाच जणांचे अंगठे.

एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत याचा त्रास फार झाला. रेमडेसिविरच्या इंजेक्शनसाठी माणसं शहरभर फिरत होती, बेडसाठी रात्रभर फोन करत होती, आणि ‘कुणाकडे आहे का’ या मेसेजखाली वीस जण हात जोडून उभे. त्यांच्याकडे इंजेक्शन नव्हतं हे खरं, पण विचारणाऱ्याला प्रत्येक टुंगला वाटायचं की मिळालं. माझ्या मते इमोजीने केलेलं सगळ्यात वाईट काम हेच.

पेशंटकडून घरी

इमोजी म्हणजे वरवरचं, फुकटचं, असं म्हणणाऱ्यांनी उलट्या दिशेने बघावं. ससून असो, नायडू असो की ऑगस्ट २०२० मध्ये शिवाजीनगरला सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजच्या मैदानावर उभं राहिलेलं तात्पुरतं जंबो हॉस्पिटल, पेशंटजवळ घरच्यांना बसता येत नव्हतं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असला की बोलताना धाप लागते, फोन कानाला नीट लावता येत नाही, दोन ओळी टाईप करायलासुद्धा दम पुरत नाही. अंगठा पाठवता येतो. घरात सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे त्याचा लास्ट सीन बघायचा, पहाटे चार-पाचचा दिसला की झोप नाही लागली हे कळायचं, मग ‘नाश्ता आला का’ असा मेसेज टाकायचा, दोन निळ्या टिका व्हायची वाट बघायची, आणि बऱ्याच वेळाने एक अंगठा. तो आला की मग घरात चहा टाकायचे. काही घरांनी आपल्या आपल्यात खुणा ठरवल्या होत्या, अंगठा म्हणजे ठीक आहे, जोडलेले हात म्हणजे आत्ता फोन करू नका, आणि ऑक्सिमीटरचा आकडा चौऱ्याण्णवच्या वर गेला तर त्याच्या पुढे बेटकुळी. डॉक्टरांचा फोन दिवसातून एकदा येणार, आला तर येणार, बाकी वेळ घर या चिन्हांवर चालायचं.

(एकटं लाल हार्ट पाठवलं की व्हॉट्सअ‍ॅपवर ते मोठं होऊन धडधडतं. आयसीयूतल्या माणसाला ते पाठवावं का, यावर बहिणी-बहिणींत वाद झालेले आहेत.)

जोडलेले हात

जोडलेल्या हातांचा इमोजी मूळ जपानी मोबाईलमधला, २०१० मध्ये युनिकोड ६.० मधून, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरना सामाईक असलेल्या चिन्हांच्या यादीतून, सगळीकडे गेला. जपानमध्ये तो आभार मानायला किंवा विनंतीला वापरतात, आणि परदेशात बऱ्याच जणांना तो दोघांनी एकमेकांना दिलेली टाळी वाटायचा, हे ऐकून आपल्याला हसू येतं. आपल्याकडे मात्र त्याला अर्थ शिकवावा लागला नाही. ३० जून २०२० ला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला निघाल्या त्या व्हिडिओंखाली तेच हात, त्या वर्षी गणपतीत दगडूशेठच्या ऑनलाईन दर्शनाखाली तेच, मेडिकलवाल्याकडे उधारीवर गोळ्या मागताना तेच आणि निधनाच्या बातमीखालीही तेच.

निधनाच्या वेळी तर दुसरं काही हाताशी नव्हतं. अंत्यविधीला फक्त वीस जण, करोनाने गेलेल्याचं तर घरच्यांनाही धड दर्शन नाही, वैकुंठ स्मशानभूमीत रांग, दहाव्याला चार माणसं. सांत्वनाला जाणारा मराठी माणूस एरवीही काय बोलतो, बाहेर चपला काढतो, आत जाऊन हात जोडतो, खाली मान घालून बसतो. तेवढंच इमोजीत उतरलं, म्हणून ते कुणाला खोटं वाटलं नाही. केअरच्या मिठीचं तसं नाही झालं. आपल्या घरांत मोठ्या माणसाला मिठी मारायची सवय तशी नव्याच पिढीची, त्यामुळे मित्राच्या पोस्टवर केअर सहज पडायचा पण शेजारच्या काकू गेल्या तर काकांच्या पोस्टवर तो दाबताना बोट अडखळायचं, काकांना मिठी मारल्यासारखं वाटतं हो. ज्येष्ठ मंडळींचं आणखी वेगळं, त्यांच्यातले काही जण हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा रडका समजून निधनाच्या बातमीवर टाकायचे, आणि कुणी त्यांना सांगायलाही धजत नसे.

बाकी इमोजी

मास्कवाला चेहरा आधी आजारी, उदास डोळ्यांचा होता, अ‍ॅपलने नोव्हेंबर २०२० मध्ये त्याचे डोळे हसरे केले, कारण मास्क आता धडधाकट माणसंही घालत होती. सिरिंजमधून आधी रक्त ठिबकायचं, तेही अ‍ॅपलने एप्रिल २०२१ मध्ये काढून टाकलं, लसीसाठी लोक ती वापरायला लागले म्हणून. पुण्यात लशीला वेगळाच भाव होता, पुण्याच्या मांजरी भागातल्या सीरम इन्स्टिट्यूटची, म्हणजे घरचीच, १२ जानेवारी २०२१ ला कोविशील्डचे पहिले ट्रक इथून बाहेर पडले. दंड उघडा करून काढलेला फोटो, खाली सिरिंज आणि बेटकुळी, आणि ‘ताप आला का’ ही चौकशी.

पुढे

व्हॉट्सअ‍ॅपने रिअ‍ॅक्शन दिल्या त्या मे २०२२ मध्ये, लाटा ओसरल्यावर. सुरुवातीला सहाच होत्या: अंगठा, हार्ट, हसून रडणारा, चकित, रडका आणि जोडलेले हात. मिठी नव्हती. जुलैपासून कुठलाही इमोजी लावता यायला लागला, तरी निधनाच्या मेसेजला बहुतेक जण अजून हातच लावतात, ते मेसेजला खाली चिकटून बसतात, ग्रुपमधल्या बाकीच्यांचे फोन वाजत नाहीत आणि अंत्यविधी किती वाजता, कुठे, हे वर सरकून जात नाही.