बाकाबाई : नागपूरच्या दरबारात टिकून राहिलेली राणी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी मारबत, म्हणजे एका बाईच्या पुतळ्याची मिरवणूक, निघते. इंग्रजांना सामील झालेली बाकाबाई ती हीच, असं घरोघरी सांगतात. दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या या राणीवर कादंबरी लिहायला बसणाऱ्याच्या डोळ्यांपुढे म्हणूनच आधी एक फितूर, कारस्थानी बाई उभी राहते. ही प्रतिमा सोयीची आहे, पण तिच्यामुळे मूळ प्रश्न मागे पडतो. पोटचा मुलगा नसलेली ही विधवा १८१६ पासून १८५८ पर्यंत या घराण्यात वजन राखून राहिली, ते कशाच्या जोरावर?

घराण्याचा इतिहास पाहिला तर तिथली भीती समजते. १७७२ मध्ये जानोजी वारले. त्यांना मुलगा नव्हता. भाऊ मुधोजी यांचा मुलगा रघुजी दत्तक ठरला होता, पण दुसरा भाऊ साबाजी कारभारावर हक्क सांगत होता. जानोजींची विधवा दर्याबाई आधी साबाजीच्या बाजूला होती. १७७५ मध्ये नागपूरच्या दक्षिणेला पाचगावच्या लढाईत मुधोजींनी सख्ख्या भावाला गोळी घालून मारलं आणि तेव्हाच वाद मिटला. बाकाबाई ज्यांची राणी झाली ते रघुजी हेच. या घरात दत्तकाचा तंटा रक्तापर्यंत जातो, हे तिला वेगळं सांगायला नको होतं.

२२ मार्च १८१६ ला रघुजी गेले आणि पुढचे काही आठवडे कादंबरीकाराने दिवसागणिक मांडावेत असे आहेत. गादीवर आले परसोजी, बाकाबाईचा सावत्र मुलगा. दृष्टी नाही, अंग लुळं, कारभार झेपण्यासारखा नाही. अशा वेळी दरबार ताब्यात ठेवायला तीन गोष्टी लागत: राजा स्वतः, खजिना आणि पगारी शिबंदी. राजा बाकाबाईच्या देखरेखीखाली होता. खजिना आणि जडजवाहीर तिच्या पक्षाच्या धर्माजी भोसल्याच्या हाती होतं. शिबंदीत अरबांची पथकं महत्त्वाची, आणि ज्याच्या हातून पगार मिळेल त्याचा शब्द ती मानत. म्हणजे खजिना गेला की शिबंदीही जाणार, आणि शिबंदी गेली की राजाला राखणार कोण? राणीची फळी नेमकी याच क्रमाने कोसळली. रघुजींचा पुतण्या मुधोजी उर्फ आप्पासाहेब याने एप्रिलमध्ये धर्माजीला कैद केलं, परसोजींचा ताबा घेतला आणि कारभार आपल्याकडे ओढला. धर्माजी पुढे मारला गेला. २७ मेला आप्पासाहेबांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला, तोही राणीच्या पक्षाला कळू न देता. एक गोष्ट इथे ठळकपणे सांगायला हवी: भोसल्यांच्या दरबारात इंग्रजी फौज आणली ती आप्पासाहेबांनी. मारबतीच्या गोष्टीत हे कुठेच येत नाही.

१ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी अंथरुणात मृत सापडले. आप्पासाहेब त्या वेळी नागपुरात नव्हते, चांद्याकडे (आजचं चंद्रपूर) गेले होते. खुनाचा आरोप उघडपणे पुढे आला तो वर्षभराने, इंग्रजांशी बिनसल्यावर. कादंबऱ्यांमध्ये विषाचा प्याला फार चटकन येतो. इथे त्याची गरज नाही. राजा मेला, संशयिताला गादी मिळाली, आणि राणीला त्याच वाड्यात राहायचं आहे, एवढ्यानेच प्रसंग उभा राहतो.

नोव्हेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभा या नागपूरकर भोसल्यांच्या पदाची वस्त्रं स्वीकारली. २६-२७ ला सीताबर्डीची लढाई झाली, १६ डिसेंबरला नागपूरजवळ त्यांच्या फौजेचा पराभव झाला. शहरातले अरब मात्र महिनाअखेरपर्यंत हटले नाहीत. आप्पासाहेब मार्च १८१८ मध्ये कैद झाले आणि मे महिन्यात निसटले.

आता कंपनीला कायदेशीर वाटेल असा राजा हवा होता, आणि तो दत्तकानेच मिळणार होता. दत्तक घेण्याचा अधिकार होता विधवेला. राणीचं महत्त्व पुन्हा वाढलं ते इथे. रघुजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा, सुमारे दहा वर्षांचा, परसोजींची विधवा दुर्गाबाई हिच्या मांडीवर दिला गेला. त्याचं नाव बदलून रघुजी (तिसरे) ठेवलं आणि जून १८१८ मध्ये त्याला गादीवर बसवलं. नात्याने हा परसोजींच्या बहिणीचा मुलगा. बहिणीचा मुलगा दत्तक घ्यायला काही शास्त्रकारांचा विरोध आहे, त्यामुळे शास्त्री आणि मानकरी यांच्यातल्या चर्चेचा प्रसंग लेखकाला इथे चांगला रंगवता येईल. बालराजाचा सांभाळ आणि वाडा बाकाबाईकडे आला. राज्यकारभार मात्र १८२६ पर्यंत रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, जेंकिन्स पाहत होता. तिने या वेळी खजिना किंवा फौज मागण्यापेक्षा वारस आपल्याजवळ राहील हे पाहिलं, आणि आमच्या मते तिच्या टिकण्याचं खरं कारण हेच.

१८१८ मध्ये जे चाललं ते १८५३ मध्ये चाललं नाही. ११ डिसेंबरला तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. हयातीत त्यांनी दत्तक घेतला नव्हता. घराण्याने यशवंतराव अहेररावांना दत्तक म्हणून पुढे केलं, रेसिडेंट मॅन्सेलनेही घराण्याच्या बाजूने लिहिलं, पण गव्हर्नर जनरल डलहौसीने ऐकलं नाही. १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. विधवेने घेतलेला दत्तक पस्तीस वर्षांपूर्वी कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी मानला होता, आता तोच नाकारला. यात अन्याय कुठे आहे ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हत्ती, घोडे, उंट, बैल सीताबर्डीला नेऊन विकले, जवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला गेलं. वाड्यातलं सामान उचलू लागले तेव्हा म्हाताऱ्या बाकाबाईने घराला आग लावण्याची धमकी दिली. तरी सामान गेलंच.

१८५७ मध्ये नागपूरजवळच्या टाकळीच्या घोडदळात उठावाची तयारी झाली, तेव्हा बाकाबाईने आपल्या माणसांना त्यापासून दूर ठेवलं. मारबतीचा राग मुख्यतः याचा आहे, आणि तो समजण्यासारखाही आहे. पण तिच्या हिशेबात दत्तकाचा दावा अजून जिवंत होता, हे लेखकाने विसरू नये. १८५८ मध्ये ती वारली. त्यानंतर कॅनिंगच्या काळात यशवंतराव, म्हणजेच दत्तकानंतरचे जानोजी, यांना घराण्याचा वारस मानून ‘राजे बहादूर’ हा किताब आणि साताऱ्याकडचं देऊर मिळालं. राज्य परत आलं नाही.

प्रसंग वाड्यात मांडायचे असतील तर एक काळजी घ्यावी. नागपूरच्या महाल भागातला भोसल्यांचा काळ्या दगडाचा, लाकडी नक्षीकामाचा वाडा १८६४ मध्ये जळाला. आज दिसतात त्या इमारतींवरून १८१६ ची दालनं रंगवली तर चूक होईल.