राइनस्टोन दागिने

राइनस्टोन दागिने : काचेला रत्नासारखे पैलू पाडून व बहुधा तिच्या पाठीला आरशासारखा मुलामा देऊन केलेले खडे पितळेच्या किंवा तत्सम स्वस्त धातूच्या कोंदणात बसवून तयार होणारे दागिने. मराठीत अशा खड्याला नुसते ‘खडा’ आणि बाजारात ‘स्टोन’ म्हणतात. काच, प्लॅस्टिक आणि कृत्रिम स्फटिक असा भेद बोलताना सहसा केला जात नाही. ‘अमेरिकन डायमंड’ या नावाने विकला जाणारा खडा झिर्कोनियम ऑक्साइडचा स्फटिक असतो, काच नव्हे. प्रस्तुत नोंद काचखड्यांपुरती आणि त्यातही मुख्यतः उत्तर बोहेमियात (आताचे चेक प्रजासत्ताक) तयार झालेल्या रंगीत जुन्या खड्यांपुरती आहे. कारखान्यांच्या व व्यापाऱ्यांच्या गुदामांत न विकता पडून राहिलेले हे खडे आज हाताने दागिने घडवणाऱ्या कारागिरांना त्या मानाने स्वस्तात मिळतात आणि त्यांवर एक स्वतंत्र छोटा व्यवसाय उभा आहे.

नाव व उगम : ‘राइनस्टोन’ म्हणजे ऱ्हाईन नदीतला दगड. मूळचा राइनस्टोन काचेचा नव्हता. वरच्या ऱ्हाईनच्या पात्रात सापडणाऱ्या रंगहीन, पाणीदार गारगोट्यांना पैलू पाडून हिऱ्याच्या जागी वापरीत, आणि फ्रेंचमध्ये त्यांना ‘कायू द्यु रॅं’ (ऱ्हाईनचा खडा) म्हणत. इंग्रजी शब्द याच फ्रेंच नावाचे शब्दशः भाषांतर असून तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेला दिसतो. तोवर त्या गारगोट्यांची जागा काचेने बहुतांशी घेतली होती. म्हणजे इंग्रजीत हे नाव पोचले तेव्हाच ते वस्तूला पुरते लागू पडत नव्हते.

जर्मन, फ्रेंच व इतर युरोपीय भाषांत याच खड्याला ‘श्ट्रास’ किंवा ‘स्ट्रास’ म्हणतात. हे नाव व्यक्तिनाम आहे यावर दुमत नाही. ती व्यक्ती कोणती, यावर मात्र जुन्या संदर्भग्रंथांत गोंधळ आहे. एका परंपरेनुसार व्हिएन्नाच्या योसेफ स्ट्रासर नावाच्या सोनाराने १७५८ च्या सुमारास ही काच शोधून काढली. दुसऱ्या परंपरेनुसार हे श्रेय स्ट्रासबर्गजवळ १७०१ मध्ये जन्मलेल्या गेओर्ग फ्रीडरिख स्ट्रास (फ्रेंच उच्चार झॉर्झ फ्रेदेरिक) याचे आहे. तो १७२४ मध्ये पॅरिसला आला, १७३४ मध्ये त्याला राजाचा जवाहिऱ्या हा दर्जा मिळाला आणि १७७३ मध्ये तो वारला. पॅरिसच्या स्ट्रासचे आयुष्य व धंदा यांना समकालीन कागदपत्रांचा आधार आहे. व्हिएन्नाच्या स्ट्रासरची कथा मात्र पुढच्या काळातील पुस्तकांत एकाकडून दुसऱ्याने उचललेली दिसते, आणि नावांच्या सारखेपणातून ती निर्माण झाली असण्याचा संभव अधिक. म्हणून पॅरिसचा स्ट्रास ग्राह्य धरणे बरे. मात्र त्याला या काचेचा जनक म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. रत्नांची काचेची नक्कल प्राचीन काळापासून होत आली आहे, आणि ज्या शिसेयुक्त काचेवर स्ट्रासचे काम उभे होते तिचे एकस्व (पेटंट) इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ मध्येच घेतले होते. काच अधिक शुद्ध करणे, तिच्या पाठीच्या पत्रीला रंगछटा देणे आणि मुख्य म्हणजे ‘नकली’ वस्तूला दरबारी प्रतिष्ठा मिळवून देणे, एवढे त्याचे कार्य मानावे. तेही थोडे नव्हे.

शिसे घालण्याचे कारण प्रकाशकीय आहे. साध्या काचेचा प्रणमनांक (प्रकाश वाकवण्याच्या क्षमतेचे माप) सुमारे १·५ असतो. शिशाच्या प्रमाणानुसार तो १·६ ते १·७ पर्यंत चढतो आणि प्रकाशाचे रंगांत होणारे अपस्करणही वाढते. हिऱ्याचा प्रणमनांक २·४२ आहे. त्यामुळे हिऱ्याच्या तळाशी पोचलेला बराचसा प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन वर येतो, तर काचेच्या तळातून तो निसटून जातो. हा निसटणारा प्रकाश अडवण्यासाठी खड्याखाली चकचकीत पातळ पत्री ठेवतात. तिला मराठीत ‘डांक’ असा नेमका शब्द आहे. तो जुन्या जडावकामातून आलेला असून कुंदनात खड्याखाली असाच डांक घालतात. युरोपात अठराव्या शतकात खड्यामागचे कोंदण बंद ठेवून आत अशी पत्री घालीत. १८३५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिखने काचेवर चांदीचा थर रासायनिक रीतीने बसवण्याची पद्धत दाखवली. तिच्या आधारे पुढे खड्याच्या पाठीवरच चांदी, तिच्यावर तांबे आणि शेवटी सोनेरी किंवा तपकिरी रोगण असा थर चढू लागला. डांक खड्याचाच भाग झाल्यावर कोंदण मागून उघडे ठेवता येऊ लागले आणि जडाईचे काम सोपे व स्वस्त झाले.

बोहेमियातील धंदा : चेक–पोलिश सरहद्दीजवळ यिझेरा डोंगरांच्या पायथ्याशी असलेले याब्लोनेत्स नाद निसोऊ (जर्मन नाव गाब्लोन्त्स) हे या धंद्याचे केंद्र. जवळच्या तुर्नोव्ह गावी रत्ने घासण्याचा व्यवसाय आधीपासून होता. तेथील फिशर बंधूंनी १७११ च्या सुमारास व्हेनिसच्या धर्तीवरची रंगीत काच (‘तुर्नोव्ह कंपोझिशन’) तयार केली, असे परंपरा सांगते. डोंगरात लाकूड आणि वाहते पाणी भरपूर होते, शेती मात्र बेताची होती. घरोघर काचकाम रुजण्यास एवढे कारण पुरेसे होते. काचेच्या भट्टीत रंगीत कांड्या ओढल्या जात. ‘माच्कार्ना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या कोठीत कांडीचे टोक तापवून ते चिमट्याच्या साच्यात दाबीत आणि खड्याचा कच्चा आकार काढीत. घासणारे वेगळे, पितळी कोंदणे ठोकणारे वेगळे, आणि या सर्वांकडून माल गोळा करून परदेशी पाठवणारे व्यापारी वेगळे. १८८० मध्ये याब्लोनेत्सला आणि १८८४ मध्ये तुर्नोव्हला या कलांच्या शाळा सुरू झाल्या.

याच परिसरात १८६२ मध्ये जन्मलेल्या डानिएल स्वारोव्हस्कीने काचखडे घासण्याच्या यंत्राचे एकस्व १८९२ मध्ये घेतले. १८९५ मध्ये तो ऑस्ट्रियातील तिरोलमधल्या व्हाटेन्स गावी गेला. स्वस्त जलशक्ती आणि यंत्राची नक्कल करणाऱ्या गाववाल्यांपासूनचे अंतर ही दोन कारणे नेहमी दिली जातात. तेव्हापासून ‘ऑस्ट्रियन’ आणि ‘चेक’ खडा असा भेद बाजारात रुळला. सुटा जुना खडा पाहून तो भेद छातीठोकपणे सांगणारे विक्रेते पुष्कळ भेटतात. त्यांच्या सांगण्यावर फार विसंबू नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर झेकोस्लोव्हाकियातील जर्मनभाषक लोकसंख्येला देशाबाहेर घालवण्यात आले. गाब्लोन्त्सच्या कारागिरांपैकी पुष्कळांनी बव्हेरियातील कौफबॉयरेनजवळ, एका उद्ध्वस्त स्फोटकांच्या कारखान्याच्या जागेवर, १९४६ पासून ‘नॉयगाब्लोन्त्स’ (नवे गाब्लोन्त्स) वसवले. मागे राहिलेल्या कारखान्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. अनेक काचकारखाने एकत्र करून १९४८ मध्ये ‘प्रेसिओसा’ स्थापन झाली आणि दागिन्यांची निर्यात ‘याब्लोनेक्स’ या सरकारी संस्थेकडे गेली. गुदामांत साठून राहिलेला जुना माल या उलथापालथीत व पुढे फॅशन बदलल्यावर मागे पडलेला आहे. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स हे नकली दागिन्यांचे मोठे केंद्र असल्याने बोहेमियाचे व ऑस्ट्रियाचे खडे तेथेही मोठ्या प्रमाणावर जात. तेथले कारखाने बंद पडल्यावर त्यांचे साठे बाहेर आले.

कालनिश्चिती : सुटे खडे ज्या पुडीत येतात तिच्यावरचा देशाचा शिक्का हा सर्वांत सोयीचा पुरावा. ‘झेकोस्लोव्हाकिया’ असेल तर पुडी १९१८ ते १९९२ मधली, ‘पश्चिम जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९० मधली. परंतु शिक्क्याने पुडीचा काळ ठरतो, आतल्या खड्याचा नव्हे. खडे एका पुडीतून दुसरीत सहज जातात. इंद्रधनुषी झाक असलेला ‘ऑरोरा बोरिअॅलिस’ खडा अधिक भरवशाचा. निर्वात पात्रात धातूच्या वाफेचा अतिपातळ थर देऊन तो करतात, आणि फ्रेंच फॅशनकार क्रिस्तियां दिओर यांच्या सहकार्याने स्वारोव्हस्कीने तो १९५५–५६ च्या सुमारास आणला. असा खडा असलेला दागिना त्याआधीचा असू शकत नाही, अर्थात मोडलेला खडा मागाहून बदललेला नसेल तर. ‘व्हिंटेज’ या विशेषणाला मात्र ठरीव मुदत नाही. विक्रेते ते साधारण १९२० ते १९८० च्या मालाला लावतात आणि गरज पडेल तसे पुढे ओढतात.

रंग : निळ्यासाठी कोबाल्ट, जांभळ्यासाठी मँगॅनीज, हिरव्यासाठी क्रोमियम वा तांबे, लाल व नारिंगीसाठी सेलेनियम व कॅडमियम, तर उंची माणिकरंगासाठी सोने वापरीत. युरेनियम घातलेली पिवळसर हिरवी काच यिझेरा भागातील रीडेल घराण्याने एकोणिसाव्या शतकात प्रसिद्ध केली. ती अतिनील प्रकाशात तेजस्वी हिरवी दिसते. निओडिमियमची काच सूर्यप्रकाशात फिकी जांभळी आणि ट्यूबलाइटखाली निळसर दिसते. निळ्यातून तपकिरी झाक मारणारा ‘सॅफिरेट’ हा संग्राहकांचा विशेष आवडता खडा असून त्याची कृती लुप्त झाल्याचे सांगतात.

माप व आकार : गोल, निमुळत्या तळाच्या खड्याला ‘शातों’, होडीच्या आकाराच्या खड्याला ‘नाव्हेत’, लांबट चौकोनीला ‘बॅगेट’ आणि दोन्ही बाजूंनी टोकदार गोल खड्याला ‘रिव्होली’ म्हणतात. सपाट तळाचे खडे चिकटवण्यासाठी असतात. गोल खड्यांची मापे ‘एसएस’ या क्रमांकात देतात : १६ क्रमांकाचा खडा सुमारे ३·९ मिमी., २९ चा ६·२ मिमी., ३९ चा ८·३ मिमी. व्यासाचा असतो. त्याहून बारीक खड्यांना ‘पीपी’ हे चाळणीचे माप आहे. विक्री ग्रोसने, म्हणजे १४४ नगांनी होते.

घडण : स्वस्त दागिन्याचा सांगाडा म्हणजे ठशाने कापलेली पितळी जाळी व तिच्यावरच्या वाट्या. क्रम येथे महत्त्वाचा आहे. डाख देणे, आम्लात धुणे आणि मुलामा चढवणे ही कामे खडे बसवण्याआधी संपवावी लागतात, कारण उष्णतेने काच तडकते आणि आम्लाने डांक जातो. नंतर काडीच्या टोकाला मेणाचा ठिपका लावून खडा उचलतात आणि वाटीत सोडतात. त्याचा कंबरपट्टा (सर्वांत रुंद काठ) वाटीच्या नख्यांच्या (खडा धरून ठेवणाऱ्या बारीक काट्यांच्या) थोडा खाली, सर्व बाजूंनी सारखा टेकला पाहिजे. तिरका बसलेला खडा बोटाखाली किंचित डुलतो. त्याच स्थितीत नखी दाबली की काठाची कपची उडते. नख्या समोरासमोरच्या जोडीने, प्रत्येकी अर्ध्याच वळवतात आणि दुसऱ्या फेरीत पुऱ्या दाबतात. एका बाजूच्या नख्या आधी पुऱ्या मिटल्या तर खडा पलीकडे सरकतो. जुन्या खड्यांत एकाच क्रमांकाचे नग दशांश मिलिमीटरने मागेपुढे असतात, म्हणून वाटीशी खडा जुळवत बसणे हेच कामाचे खरे वेळखाऊ अंग आहे. माल स्वस्त असला तरी मजुरी स्वस्त पडत नाही, हे या दागिन्यांच्या किमतीकडे पाहताना ध्यानात ठेवावे.

नख्या नसलेल्या वाटीत खडा चिकटवतात. दोन भाग कालवून वापरायचा इपॉक्सी गोंद यासाठी योग्य. झटपट चिकटणाऱ्या सायनोअॅक्रिलेट गोंदाच्या वाफेने काचेवर पांढुरकी साय धरते, आणि तो जोड कालांतराने ठिसूळही होतो.

या दागिन्यांचा वैरी पाणी. खडा व वाटी यांमधल्या फटीतून ओल आत शिरली की डांक काळवंडतो आणि खडा राखाडी, निस्तेज दिसू लागतो. संग्राहक त्याला ‘मेलेला’ खडा म्हणतात. तो पुन्हा उजळत नाही, बदलावाच लागतो. म्हणून असे दागिने पाण्यात बुडवून धुवू नयेत. मऊ कोरडा कुंचला फिरवावा. जुन्या खड्यांत शिशाच्या ऑक्साइडचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपासही असे. लहान मुलांच्या वस्तूंतील शिशावर अमेरिकेत २००८ मध्ये कायद्याने मर्यादा आली आणि काचखड्यांना त्यातून सूट मिळाली नाही. त्यानंतरच्या काळात मोठे उत्पादक शिसेरहित काचेकडे वळले. जुन्या खड्यांचे दागिने मुलांसाठी करू नयेत.

भारताशी संबंध : पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानात येणाऱ्या काचेच्या बांगड्या व मण्यांत ऑस्ट्रिया-हंगेरीचा, म्हणजे व्यवहारात बव्हंशी याब्लोनेत्स भागाचा, वाटा मोठा होता. युद्धात ही आयात तुटली आणि जपानी मालाने तिची जागा घेतली. स्वदेशीच्या चळवळीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे निघालेला पैसा फंडाचा काच कारखाना याच परदेशी काचमालाच्या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. आज महाराष्ट्रात स्वस्त नथी, कुड्या व तन्मण्यांत जे लाल-हिरवे काचखडे दिसतात, त्यांचीही जडाई डांक आणि कोंदण याच तत्त्वावर होते.