आश्रय अर्जासाठी मराठी कागदांचे भाषांतर : येण्यापूर्वी हे वाचावे

धर्म बदलल्यामुळे गावी परतणे धोक्याचे झाले, म्हणून परदेशात आश्रय मागणाऱ्यांचे कागद बहुधा त्यांचे आईवडील किंवा भाऊबहीण आमच्याकडे आणतात. १९५१ च्या निर्वासित करारात धर्म हे कारण आहेच, आणि देश सोडल्यावर धर्म बदलला असला तरी आश्रय मागता येतो. अर्ज तिकडचे वकील पाहतात. आमचे काम भाषांतराचे.

सर्वांत जास्त वेळ जातो तो एकाच मागणीत : कागदात नाही ते भाषांतरात घाला.

घरात सगळे ‘एफआयआर केली’ म्हणतात. कागद पाहिला की ती अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी निघते. मुलाने तिकडे जबाबात एफआयआर लिहिलेले असते. मग ‘तेवढे एफआयआर करा’ असा आग्रह होतो. आम्ही ते करत नाही. अधिकारी जबाब आणि कागद शेजारी ठेवून वाचतो, आणि एक विसंगती सापडली की खऱ्या मारहाणीवरही शंका घेतो. शिवाय एनसी कमी मोलाची नाही. पोलिसांकडे गेलो होतो, हे तीही दाखवते. न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस एनसीचा तपास करू शकत नाहीत. संरक्षण का मिळाले नाही, हे सांगताना वकिलांना तेच उपयोगी पडू शकते. म्हणून जबाबाची प्रत कागदांसोबतच द्या. कुठे जुळत नाही ते आम्ही खुणा करून देतो, खुलासा वकील करतात. या तपासणीचे वेगळे पैसे नाहीत.

नावाचेही तसेच. शाळेच्या दाखल्यावर जुने नाव, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर नवे. ज्या कागदावर जे नाव, तेच भाषांतरात येते, स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे. नाव गॅझेटमध्ये बदलले असेल तर ती प्रत आवर्जून आणा.

शेजारी, चर्चचे पाळक, मित्र यांची पत्रे त्यांच्याच शब्दांत असू द्या. एकाच मजकुराच्या चार पत्रांवर कोणी विश्वास ठेवत नाही. भारतातून गेलेल्यांना ‘कोल्हापूर सोडून पुण्या-मुंबईला का राहिला नाहीत?’ हा प्रश्न हमखास येतो. पुण्या-मुंबईतही धमक्या आल्या असतील तर ते मेसेज पुसू नका.

हवे तसे भाषांतर करून देणारे भेटतात, हे आम्हाला माहीत आहे. आमच्या प्रत्येक भाषांतराखाली ते पूर्ण आणि अचूक असल्याचे निवेदन असते, त्यावर भाषांतरकाराचे नाव आणि सही असते; त्या सहीची जबाबदारी आमची आहे. पोलिसी हस्ताक्षर लावणे, शिक्क्यातला पुसट मजकूर वाचणे, यात आमचा हात बसलेला आहे. धर्मांतराची गोष्ट गावात फुटली तर घरच्यांना त्रास होतो, म्हणून हे कागद आम्ही बाहेर टायपिंगला देत नाही.

अमेरिकेत पोहोचल्यापासून साधारण एका वर्षात अर्ज करावा लागतो. कॅनडात सुनावणीच्या किमान १० दिवस आधी कागद पोहोचावे लागतात. तारीख हातात असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. मोबाईलवरचे फोटो चालतील, पण मागची बाजूही हवी. अर्धे शिक्के तिथेच असतात.