पत्रे तोलायच्या जुन्या हातकाट्यातली स्प्रिंग

'टपालाची पत्रे तोलायच्या जुन्या हातकाट्यातली स्प्रिंग कालांतराने सैल पडते, म्हणून त्याचे वजन भरवशाचे नसते,' असा समज वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. नळीच्या आकाराच्या, आत स्प्रिंग असलेल्या काट्यांबाबत ही शंका रास्त आहे. परंतु वरच्या कडीत बोट अडकवून धरायच्या, कमानीवर आकडे कोरलेल्या काट्यात बहुधा स्प्रिंगच नसते.

त्यात धातूचे एक प्रतिवजन असते. चिमट्यात पत्र अडकवले की काटा कलतो, पत्राच्या ओढीची तरफ आखूड होत जाते, प्रतिवजनाची लांबत जाते आणि दोन्ही बाजू जुळतात तिथे तो थांबतो. जड वजनांकडच्या खुणा दाटीने असतात, तो याच रचनेचा परिणाम आहे, कारागिराची चूक नव्हे. गुरुत्वाकर्षण दोन्ही बाजूंवर सारखेच काम करत असल्याने डोंगरावरही वाचन बदलत नाही.

ब्रिटनमध्ये 1840 साली अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला एक पेनी, तर भारतात 1854 साली पाव तोळ्यापर्यंत, म्हणजे सुमारे 2.9 ग्रॅमपर्यंत, अर्धा आणा असा दर ठरला. इतक्या हलक्या वजनासाठी घरातही काटा हवासा वाटणे साहजिकच होते.

पडताळा सोपा आहे. ए-फोर आकाराचा 80 जीएसएमचा (चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा) कोरा कागद जवळजवळ नेमका 5 ग्रॅम भरतो, चार कागद घडी घालून अडकवल्यास काटा 20 वर यायला हवा (खुणा औंसात असतील तर 0.7 वर). तसे न झाल्यास आधी काटा जिच्यावर फिरतो त्या खिळीवरचा गंज पाहावा.